बेरीज करण्याआधी वायू वेगळा कर

सांगली

अनेक आशीर्वाद.

प्रोजेक्टचा मसुदा वाचला. सगळा वायू एका बेरजेत धरून त्यावर ताऱ्यांच्या निर्मितीचा वेग मांडायचा, असा तुझा बेत दिसतो. खगोलशास्त्रज्ञ केनिकट यांनी १९९८ मध्ये अख्ख्या दीर्घिका घेऊन तेच केलं, वायूच्या पृष्ठघनतेचा (दर चौरस क्षेत्रामागच्या वस्तुमानाचा) घातांक १.४ च्या आसपास आला. तुला मात्र एकाच सर्पिल दीर्घिकेत ठिकठिकाणी पाहायचंय, आणि तिथे ही बेरीज फसवते. ऊस शेतात उभा आहे म्हणून साखर होत नाही, तो गव्हाणीत पडावा लागतो. अणुरूप हायड्रोजन पार कडेपर्यंत पसरलेला असतो, पण तारे जन्मतात ते रेणुरूप हायड्रोजनच्या थंड ढगांत. अणुरूपाची पृष्ठघनता चौरस पार्सेकला (पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं) ९-१० सौर वस्तुमानांवर अडते. पुढची भर जवळपास सगळी रेणुरूपाची.

अणुरूप २१ सेंमीच्या रेडिओ रेषेवर मिळतो. (खोडदची रेडिओ दुर्बीण जीएमआरटी एवढंच काम करेल, पुढचं नाही.) थंड रेणुरूप हायड्रोजन स्वतः दिसत नाही, म्हणून कार्बन मोनॉक्साइडची २.६ मिमीची रेषा घ्यायची. तिची तीव्रता, केल्विन किमी प्रति सेकंदात, गुणिले ४.३५, म्हणजे रेणुरूपाची पृष्ठघनता, चौरस पार्सेकला सौर वस्तुमानांत. या आकड्यात हेलियम धरलेलं आहे. त्याला पुन्हा १.३६ ने गुणू नकोस. २१ सेंमीच्या आकड्याला मात्र गूण. हमखास चुकतं ते इथेच. शिवाय दीर्घिका तिरकी असेल तर सगळ्या पृष्ठघनतांना तिच्या कलाच्या (झुकण्याच्या कोनाच्या) कोसाइनने गुणायचं.

ताऱ्यांच्या निर्मितीचा वेग मोजायला एच-आल्फा, म्हणजे तरुण ताऱ्यांनी तापवलेल्या हायड्रोजनची लाल रेषा, ६५६.३ नॅनोमीटर. धूळ बराच प्रकाश गिळते, म्हणून जोडीला २४ मायक्रॉनचा अवरक्त नकाशा हवाच.

आता चारही नकाशे आधी सारखे धूसर कर, मगच एका जाळीवर बसव. ५०-१०० पार्सेकपर्यंत बारीक जाऊ नकोस. तरुण तारे स्वतःचाच ढग उधळतात, त्यामुळे तिथे वायूचे आणि एच-आल्फाचे ठिपके एकमेकांवर बसतच नाहीत. ५०० पार्सेक ते १ किलोपार्सेक ठीक. आणि सिग्नल न मिळालेल्या जागा गाळू नकोस, नाहीतर आलेखाचा उतार आपोआप बदलतो.

शेवटी ताळा. रेणुरूप वायू चौरस पार्सेकला १० सौर वस्तुमानं, म्हणजे चौरस किलोपार्सेकला १ कोटी. तिथे वर्षाला ०.००५ सौर वस्तुमानाचे तारे बनत असतील, तर वायू पुरेल २०० कोटी वर्षं. दीर्घिकेच्या तबकडीत साधारण एवढंच यायला हवं. दहा लाख पटींनी हुकलं तर चौरस पार्सेक नि चौरस किलोपार्सेकची गल्लत आहे. केंद्राजवळ किंवा अगदी कडेला वेगळं आलं तर आधी त्या ४.३५ वर संशय घे, नवा शोध लागला म्हणून नाचू नकोस.

सांगलीला येशील तेव्हा दोन्ही वायूंचे नकाशे वेगवेगळे छापून आण.