कुनियोशीच्या योद्ध्यांच्या जपानी चित्रांची हाताने रंगवलेली प्रत घ्यावी का?

मोठी भिंत सजवायची असेल तर जरूर घ्या. मूळ चित्र म्हणजे कोरलेल्या लाकडी ठशांवरून कागदावर काढलेला छाप, आणि तो जेमतेम ३८ बाय २५ सेंटिमीटरचा असतो. पण छापाचा आनंद रंगवलेल्या प्रतीत शोधू नका. जपानी चित्रकार उतागावा कुनियोशीने १८२७च्या सुमारास ‘सुइकोदेन’ या मूळच्या चिनी कादंबरीतल्या वीरांची मालिका सुरू केली, तिचा सगळा जीव रेषेत आहे. चेरीच्या लाकडात कोरलेली ती रेषा केसाइतकी बारीक, आणि पाण्यातले रंग कागदाच्या तंतूंत मुरलेले. कॅनव्हासवर तैलरंगात ती धार सहसा बोथट होते. म्हणून प्रत घेताना आधी वीरांच्या अंगावरचं गोंदण आणि केस जवळून पाहा. तिथे हात डगमगला असेल तर सोडून द्या. माझं मन मात्र जपानमध्ये आजही नव्याने ठसे कोरून काढलेल्या छापांकडेच ओढ घेतं.