पायताण कुणाचं, चित्र कुणाचं?

प्रश्न : तीन पिढ्या आमच्या घरात कापशी घाटाचं कोल्हापुरी पायताण बनतं. परदेशी कंपनीनं हुबेहूब तसंच काढलं, तर कॉपीराइटचा दावा लावता येईल का? – कारागीर, कागल तालुका

उत्तर : नाही, दादा. कॉपीराइटला एक कर्ता लागतो. त्याची हयात आणि पुढं 60 वर्षं, एवढाच तो टिकतो. कापशीचा कर्ता कोण सांगणार? डिझाइन नोंदवावं, तर ते नवं लागतं. आपल्या हाती आहे जीआय, म्हणजे मालाला त्याच्या मूळ प्रदेशावरून मिळणारं भौगोलिक मानांकन. तो 2019 मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांना मिळून मिळाला, दोन्हीकडच्या चार-चार जिल्ह्यांसाठी. पण तो राखतो ‘कोल्हापुरी’ हे नाव, पायताणाचा आकार नव्हे. जून 2025 मध्ये प्रादा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानला ‘लेदर सँडल’ म्हणून तेच दाखवलं, तेव्हा ही फट साऱ्यांना दिसली. त्यावर मुंबई उच्च न्यायालयात केलेली जनहित याचिकाही फेटाळली गेली. जीआयचे नोंदणीकृत मालक, म्हणजे ही महामंडळं, स्वतः कोर्टात आलीच नव्हती.

म्हणून कळकळीनं सांगतो, जीआयचा ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची नोंद करा. नावाचा गैरवापर झाला तर नोंदलेल्या कारागिरालाही दाद मागता येते. पायताण उलटं करून तळाची वादीची शिवण, वेणी, कान यांचे फोटो काढा. कातड्याची बिलं, जुन्या ऑर्डरी जपा. आपल्याकडं कसब हातात असतं, कागद मात्र घरात सापडत नाही.

प्रश्न : मी मूळची पालघरची. इथल्या एका हॉटेलची भिंत पैसे घेऊन वारलीनं रंगवली. आता तेच चित्र ते पिशव्यांवर छापून विकतात. करार नव्हता. – चित्रकार, राजारामपुरी

उत्तर : ताई, ऐकून वाईट वाटेल. मोबदला देऊन चित्र काढून घेतलं आणि उलट करार नसेल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे कॉपीराइट चित्र काढून घेणाऱ्याचा, म्हणजे इथं हॉटेलचा. तरी कलम 57 खाली कर्ती म्हणून ओळख मिळवण्याचा हक्क तुमचाच राहतो. पिशवीवर नाव घालायची लेखी मागणी आजच करा. पुढच्या भिंतीला ब्रश लावण्याआधी एका कागदावर लिहून घ्या : चित्र या भिंतीपुरतं, कॉपीराइट माझा.

प्रश्न : पारंपरिक कलेवर समाजाचा हक्क कुठल्या कोर्टानं मानलाय का? – विद्यार्थी, शाहूपुरी

उत्तर : अर्धा मानलाय. ऑस्ट्रेलियात बुलुन बुलुन या आदिवासी चित्रकाराच्या 1998 च्या खटल्यात त्याच्या गानलबिंगू समाजाला चित्राची मालकी मिळाली नाही. पण समाजाच्या पवित्र ज्ञानावर चित्र काढणारा त्या समाजाला बांधील असतो, असं कोर्टानं म्हटलं. नक्कल होत असताना चित्रकार गप्प बसला, तर समाजाला कोर्टात जाता येईल. आपल्या कॉपीराइट कायद्यात एवढंही नाही.