उकड्या तांदळाचं दप्तर

डिचोली, आषाढ

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. ‘गेल्या वर्षी टाच टेकत होती, आता टेकत नाही, मी आळस केला म्हणून का?’ तुझं हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. नाही गं. सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचाल अवघड होते त्या तुझ्या दुखण्यात, मेंदूची इजा वाढत नाही, पण तू वाढते आहेस. या वयात हाडं भराभर लांब होतात, ताठर स्नायू मागे पडतात आणि पोटरी आखडते. यात तुझा काडीचाही दोष नाही.

आम्ही फिजिओथेरपी शिकलो तेव्हा ताठर स्नायूंवर वजन टाकू नका, ताठरपणा वाढेल, असं सांगत. मीही कित्येक मुलांच्या स्नायूंना वर्षानुवर्षं नुसते ताण दिले, म्हणजे ते ओढून लांबवले. पुढच्या अभ्यासांत ती भीती खरी ठरली नाही. ताठर स्नायू अशक्तही असतात, आणि नुसत्या ताणानं ताकद येत नाही. ती मुलं आठवली की अजून जीव तुटतो, म्हणून तुला बजावते आहे: नुसत्या ताणावर थांबू नकोस, ताकदही कमव.

दप्तरात दोन किलो उकडे तांदूळ घाल, पाठीला लाव आणि सोप्याच्या कट्ट्यावर बस. हात न टेकता उभी राहा, मग सावकाश बस. धप्पकन नको; खाली येतानाही मांड्यांनी भार पेलायला हवा. असं ८ ते १२ वेळा, मध्ये थांबून तीन फेऱ्या. शेवटच्या दोन वेळी कष्ट पडलेच पाहिजेत. बारा सहज जमले की अर्धा किलो वाढव. आठवड्यातून तीनदा, एकाआड एक दिवस, निदान १२ ते १६ आठवडे. पहिलं वजन फिजिओसमोर ठरव, आई जवळ असू दे. चिऱ्याच्या पायऱ्यांवर सध्या शेवाळ आहे, तिथं नको.

मांड्या दुखतील, ते चालतं. जांघेत कळ आली तर मात्र थांब आणि खुबा डॉक्टरांना दाखव.

पणजीत कांपालच्या जलतरण तलावात पोहायला जरूर जा; दम वाढेल. पण पाणी अंगाचा भार उचलतं, म्हणून दप्तर सोडू नकोस.

आणि पी.टी.च्या तासाला तुला वर्गात बसवून ठेवतात, हे मला मुळीच पटलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये ५ ते १७ वयाच्या दिव्यांग मुलांसाठीही रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल सांगितली आहे. बाबांना शाळेत हेच सांगायला लाव. हवं तर मी येते.

दर रविवारी तीस सेकंदांत किती वेळा उभी राहतेस ते वहीत लिही. पहिला आकडा मला कळव.

तुझी,
मावशी