पणज्याचं नाव सापडलं, आता पणजीचं विचार

पोरी,

तुझा मेसेज परत परत वाचला. भावाच्या जात पडताळणीच्या व्हॅलिडिटी सर्टिफिकेटसाठी वडिलांनी जुन्या शाळेतून आज्जाचा प्रवेश निर्गम उतारा, म्हणजे शाळेत दाखल झाल्याची नि सोडल्याची नोंद, काढला, त्यात पणज्याचं नावही सापडलं, फाईल जमा झाली, घरच्यांसाठी विषय संपला. तू मात्र त्या झेरॉक्सपाशीच अडकून बसलीस, कारण आज्जाचं जन्मठिकाण म्हणून तिथं पैठण तालुक्यातलं जे गाव लिहिलंय त्याचं नाव तुमच्या घरात कुणी कधी काढलंच नव्हतं. आणि आता विचारायलीस की बाई, हे असं मागं लागणं बरोबर आहे का, घरचे तर म्हणायलेत सर्टिफिकेट मिळालं ना मग बस कर.

बस करू नको. मी इतकी वर्षं लोकांना जुने कागद वाचून द्यायलेय, मोडी शिकले तेव्हापासून दाराशी कुणी ना कुणी पिशवी घेऊन येतंच, आणि आपल्या मराठवाड्यात बहुतेकांची सुरुवात तुझ्यासारखीच होते. आधी काम निघतं, मग ओढ लागते. कुणाला वारस नोंद लावायची असते, तलाठी वंशावळ लिहून आणा म्हणतो, आणि घरात सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात कारण पणज्याच्या भावाचं नाव कुणालाच आठवत नाही. कुणाची जमीन रस्त्यात जाते आणि मोबदल्याच्या यादीत कधी न बघितलेल्या चुलत घराची नावं निघतात. जात पडताळणीला तर जुना पुरावा लागतोच, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, एससीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, म्हणजे सरकारच माणसाला आज्जा-पणज्याच्या दारात नेऊन उभं करतं. आणि २०२३ च्या सप्टेंबरात सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमून निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हापासून तर गावोगाव पत्र्याच्या पेट्या माळ्यावरून खाली आल्या. मराठा आरक्षणाच्या त्या प्रश्नावर कुणाचं मत काहीही असो, मला त्यात वेगळंच दिसलं, कधी कागदाला हात न लावलेली माणसं आपल्या खापरपणज्याचं नाव बोटानं चाचपून वाचायलीत आणि त्यांच्या डोळ्यात पाणी येतंय.

पण हेही बघितलंय की काम झालं की त्यातले बहुतेक पेटी परत माळ्यावर टाकतात. तुझं तसं झालं नाही, तुला कागदाच्या बाहेरचा एक प्रश्न पडला, आज्जा त्या गावात जन्मला तर मग आपण इकडं कसे आलो. तो प्रश्न जपून ठेव. सगळी वंशावळ काढायची, दहा पिढ्या मागं जायचं, मोठा चार्ट करून भिंतीला लावायचा, असलं काही आत्ता मनात आणू नको, कारण चार्टचं काम नावं भरून संपतं आणि एक खरा प्रश्न हातात असला की तो तुला बरोबर माणसांकडं आणि बरोबर कागदांकडं ढकलत राहतो.

माझं सुरू झालं ते देवघरातून. माहेरी वाटण्या झाल्या, देवही वाटले गेले, आणि वडिलांच्या वाट्याला जे टाक, म्हणजे देवांचे नि पूर्वजांचे पुजायचे छोटे पत्रे, आले त्यात नखाएवढा एक चांदीचा टाक होता, झिजून नाकडोळे गेलेले, नुसती उभी बाईची आकृती, डोक्यावर पदर, हात जोडलेले. देवी म्हणावं तर ना वाघ ना शस्त्र. आईला विचारलं तर म्हणाली, ती थोरली. थोरली म्हणजे आज्जाची पहिली बायको, ती वारल्यावर आज्जी घरात आली आणि रिवाजाप्रमाणं सवतीचा टाक करून तिनं तो जन्मभर पुजला. नाव काय तिचं? तर आईला माहीत नाही, वडिलांना नाही, आत्याला नाही. साठ-सत्तर वर्षं रोज हळदीकुंकू घेणारी बाई आणि तिचं नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं! मला ते काही केल्या सहन होईना. शेवटी नाव कागदात नाही सापडलं, तिच्या माहेरच्या गावात एक म्हातारे होते, नात्यानं तिचे भाचे, त्यांच्याकडून कळलं, चंद्रभागा. आणि ते म्हणाले ती मानमोडीत गेली. मानमोडी म्हणजे १९१८ ची साथ, इन्फ्लुएंझाची, आपल्याकडं जुनी माणसं तिला मानमोडीच म्हणायची. त्या एका शब्दावरून मला सालही मिळालं आणि आज्जीच्या लग्नाचा अंदाजही लागला.

हे एवढ्यासाठी सांगितलं की जुनी माणसं तुला इसवी सन सांगणार नाहीत, ती रझाकाराच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, वेळेस म्हणतील, बाहत्तरच्या दुष्काळात म्हणतील, धरण झालं तेव्हा, किल्लारीच्या भूकंपाच्या आधी असं म्हणतील, आणि ते पुरेसं आहे, त्याचं साल तू लावायचं. तुझ्याच प्रश्नाचं बघ ना. पैठण तालुक्यातलं गाव सोडून माणसं निघाली असतील तर मला पहिला संशय जायकवाडी धरणाचा येतो, लालबहादूर शास्त्रींच्या हातानं १९६५ ला पायाभरणी झाली, १९७६ ला उद्घाटन, आणि मधल्या काळात नाथसागराखाली, म्हणजे त्या धरणाच्या पाण्याखाली, शंभराच्या वर गावांची घरं-शिवारं गेली, तेव्हा ते गाव बुडितात होतं का, तुमच्या घरात कुणाकडं प्रकल्पग्रस्ताचं प्रमाणपत्र आहे का हे आधी विचार. नाही म्हणाले तर मग मागं जा, १९४७-४८ ला रझाकारांच्या भीतीनं कितीतरी घरं रातोरात निजामाच्या हद्दीबाहेर, नगर-बार्शी-सोलापूरकडं गेली, सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबादेत आल्या त्या पोलीस ॲक्शननंतर काही परतली, काही परतली पण जुन्या गावात नाही, बायकोच्या गावात नाहीतर मामाच्या गावात राहिली. आणि बाहत्तरला तर पोटासाठी माणूस कुठंही गेला. यातलं तुमचं कोणतं ते आज्जाच्या पिढीतलं माणूसच सांगेल.

म्हणून आधी माणसं, कागद नंतर. कागदालाही वाळवी लागते हे मला माहिताय, पण तो पुढच्या वर्षीही ऑफिसात असण्याची शक्यता जास्त, तुझ्या आज्जीची बहीण आहे म्हणालीस ना, तिच्याकडं या दिवाळीच्या सुट्टीतच जा. भावकीतल्या शहाण्या माणसाकडं पहिल्यांदा जाऊ नको, तो तुला वंशावळ घडाघडा म्हणून दाखवील, त्यात सगळे पुरुष असतील आणि सगळे पराक्रमी असतील. म्हातारीला इतिहास सांग म्हणू नको, ती म्हणेल मला काय कळतंय बाई. तिला विचार तुझं लग्न कोणत्या गावात लागलं, वऱ्हाड गाडीनं आलं का पायी, जात्यावर तुझ्यासंगं कोण बसायचं, पहिलं बाळंतपण कुठं झालं. बाळंतपण माहेरी होतं, म्हणजे एक गाव मिळालं. जात्यावरची ओवी आठवते का विचार, ओवीत भावाचं नाव येतं, माहेरच्या वाटेचं वर्णन येतं, कधी गावाचं नावही येतं, आणि उखाणा तर घ्यायलाच लाव, नवऱ्याचं नाव एरवी तोंडातून न काढणारी बाई उखाण्यात घेते. मोबाईलवर रेकॉर्डिंग लाव पण आधी विचारून, आणि ती चुकीचं बोलायलीय असं वाटलं तरी मधी तोडू नको, दुसऱ्यांदा गेलीस की तीच गोष्ट ती वेगळी सांगते आणि त्या फरकातच खरं काय ते निघतं.

एक गोष्ट मात्र निघायच्या आधीच ध्यानात घे. तू पोरगी आहेस आणि तू जुने सातबारे-फेरफार मागायलीस असं कळलं की चुलते दचकणार. २००५ च्या कायद्यानं मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका वाटा दिलाय, आणि आपल्याकडं बहिणींकडून हक्कसोड पत्रावर सह्या घेऊन झालेल्या असतात, कधी समजावून तर कधी न समजावता. कुणी म्हणेल कशाला उकरून काढती. मला जमिनीचं नाही, माणसांचं विचारायचंय हे तोंडावर स्पष्ट सांग, दोनदा सांग. आणि तरीही एखादं दार बंद झालं तर वाईट वाटून घेऊ नको, त्या दारामागं बहुतेक वेळा भीती असते, राग नसतो. शोधताना दत्तक निघेल, घरजावई निघेल, सावकाराकडं गेलेलं शेत निघेल, कुणाचं तरी न सांगितलेलं दुसरं लग्न निघेल. जे निघेल ते जसंच्या तसं लिहून ठेव, पण जिवंत माणसाला ज्यानं जखम होईल ते फॅमिली ग्रुपवर टाकू नको.

आता कागदांचं थोडं सांगते. आपण १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात आणि पुढं १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होतो, त्यामुळं पुण्या-साताऱ्याच्या लोकांचं वाचून आपल्याकडं तसंच शोधायला गेलीस तर गोंधळशील. इकडचे जुने कागद उर्दूत, काही मोडीत. साल फसली, म्हणजे निजामाचं महसुली साल, असतं, त्यात ५९० मिळवायचे, १३५० फसली म्हणजे १९४०-४१. नावं अशी येतात, किसन वल्द रामजी, म्हणजे रामजीचा मुलगा, आणि गंगाबाई जौजे रामजी, म्हणजे रामजीची बायको. जौजे दिसलं की थांब, बाईचं नाव कागदावर येण्याची ती दुर्मिळ जागा असते, नवरा वारल्यावर शेत तिच्या नावावर लागलेलं असतं म्हणून. जमीन होती त्या घरांसाठी १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे गावातल्या शेतांची नि त्यांच्या मालकांची जुनी नोंद, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये बघायचं, तिथून मागं पुढं जाता येतं. आणि आज्जाचं नाव नातवाला ठेवायची आपली पद्धत, तेव्हा रामजी वल्द किसन आणि किसन वल्द रामजी दोन्ही सापडले तर घाई करू नको, त्यातला एक खापरपणजोबा असू शकतो.

शाळेच्या उताऱ्यावरच्या जन्मतारखेवरही भिस्त ठेवू नको. तुझ्या आज्जाची १ जून आहे ना? आमच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात पानंच्या पानं १ जूनची आहेत, पोरगं दाखल करायला आलेल्या बापाला तारीख माहीत नसायची, गुरुजी पोराचे दात बघून, उंची बघून वर्ष ठरवायचे आणि शाळा जूनला सुरू होते म्हणून १ जून टाकायचे. जन्मठिकाण मात्र सहसा खरं असतं, ते बाप सांगायचा. म्हणून तुझ्या हातातला उतारा मला मोलाचा वाटतो.

तुझ्या त्या मैत्रिणीलाही हे वाचून दाखव, जी म्हणाली की आमच्याकडं ना जमीन ना वतन, आम्ही काय शोधणार. अगं, जमिनीचा कागद हा ज्याच्याकडं जमीन होती त्याचाच इतिहास सांगतो. तिच्या घरात शाळेत पहिलं कोण गेलं, कुणाच्या सांगण्यावरून गेलं, हा प्रश्न घेऊन तिनं निघावं. बाबासाहेबांनी औरंगाबादला १९५० ला कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय झालं, तिथं खेड्यापाड्यातून पायी आलेली, होस्टेलच्या आधारानं शिकलेली पहिली पिढी, त्यांची नावं कॉलेजच्या रजिस्टरात आहेत, फोटो घरोघर आहेत, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याच्या, नामांतराच्या वेळचे अनुभव सांगणारी माणसं अजून आहेत. उसाच्या टोळीत ज्यांची हयात गेली त्यांनी कोणत्या साली कोणत्या कारखान्यावर कोयता नेला हे सांगायला मुकादमाची वही लागत नाही, घरातल्या बायकांना पोरांच्या जन्मावरून पक्कं आठवतं, हा पोरगा अमक्या फडात झाला म्हणून. हा सगळा घराचा इतिहासच आहे आणि तो लिहिणारं कुणी नाही म्हणून त्याची मला जास्त काळजी वाटते.

पैठणला जाशील तेव्हा तीर्थोपाध्यायांकडंही जा. पूर्वी माणूस गोदाकाठी दशक्रियेला आला की त्याचं नाव, गाव, बरोबर आलेल्यांची नावं त्यांच्या वहीत लिहून घ्यायचे, तशाच वह्या नाशिक-त्र्यंबकला आहेत. मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की कोणत्या घराण्याकडं तुमची वही आहे ते तेच सांगतात. दक्षिणा द्यायची तयारी ठेव, फोटो काढू देतात का ते नम्रपणे विचार, नाही म्हणाले तर हातानं उतरवून घे. तुमच्या पूर्वजांपैकी कुणी स्वतःच्या हातानं मोडीत सही केलेली असेल तर ती तुला तिथंच दिसेल.

आणि पित्र घालताना भटजी तीन पिढ्यांची नावं विचारतात, वडील, आज्जा, पणजा, तशीच आई, आज्जी, पणजीचीही विचारतात आणि तिथं बहुतेक घरं गप्प होतात. तुझ्या वडिलांना आत्ताच फोन करून विचार, त्यांच्या आज्जीचं नाव काय. त्यांना येत असेल तर तिचं माहेर विचार. येत नसेल तर आज्जीच्या बहिणीकडं गेल्यावर पहिला प्रश्न तोच ठेव, गावाचा दुसरा.

जे सापडेल त्याचे फोटो मला पाठव, उजेडात काढ, कागदाच्या चारी कडा दिसू दे, पाठीमागची बाजू विसरू नको कारण शेरा बऱ्याचदा मागंच असतो. मोडी असेल तर मी वाचून देते. उर्दू असेल तर तुमच्या गावात उर्दू शाळेतून रिटायर झालेले गुरुजी नक्की असतील, जुनं शिकस्ता, म्हणजे भरभर जोडून लिहिलेलं, वळण वाचणारी माणसं कमी राहिलीत, त्यांच्याकडं घेऊन जा आणि नुसता अर्थ विचारू नको, ओळ न ओळ वाचून घे.

आज्जीच्या बहिणीला माझा नमस्कार सांग. जायचं कधी ठरलं ते कळव.

तुझ्या,
बाई