वाचकांचे प्रश्न : विसरणं वयाचं की आजाराचं?

आई ७२ वर्षांची आहे. नावं पटकन आठवत नाहीत, चष्मा कुठे ठेवला ते विसरते. त्याचं काही वाटत नव्हतं. पण हल्ली तिला पुरणपोळीचा घाट जमेनासा झालाय. पुरणात गूळ दोनदा घातला. सगळे म्हणतात, वय झालं. दाखवायला न्यावं का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

न्या. चष्म्यासाठी नाही, पुरणासाठी.

चाळिशीनंतर मेंदूचं आकारमान दर दहा वर्षांनी साधारण पाच टक्क्यांनी घटतं आणि सत्तरीनंतर हा वेग वाढतो. मेंदूतली देवाणघेवाण मंदावते, म्हणून नाव जिभेवर येऊन अडतं आणि तासाभराने आपसूक आठवतं. हे वयाचं. शब्दसंग्रह आणि जन्मभराची सवयीची कामं मात्र सहसा टिकतात. पन्नास वर्षं केलेल्या स्वयंपाकातला क्रम चुकू लागला, ठरावीक रकमेचा हिशेब लागेना, तोच प्रश्न दहा मिनिटांनी पुन्हा आला आणि आधी विचारल्याचं आठवतच नसेल, तर त्याला वय म्हणून सोडून देऊ नये.

पण लगेच अल्झायमर गृहीत धरू नका. सुरुवात नेहमीच्या फिजिशियनकडून करा. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, साखर, सोडियम, किडनी आणि लिव्हर या रक्ततपासण्या आधी होऊ द्या. पूर्ण शाकाहारी आणि त्यातून वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) घेणाऱ्यांत बी-१२ कमी असणं आपल्याकडे अगदी नेहमीचं आहे, आणि ते भरून काढता येतं. एमआरआय किंवा सीटी स्कॅनमध्ये जुन्या पडण्यातून मेंदूभोवती साठलेलं रक्त किंवा मेंदूत वाढलेलं पाणी दिसू शकतं; या दोन्हींवर उपचार आहेत. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून न्या. झोपेच्या, वारंवार लघवीच्या आणि सर्दीच्या काही गोळ्या (क्लोरफेनिरामिन असलेल्या) म्हाताऱ्या मेंदूला चांगल्याच गोंधळात पाडतात. ऐकू कमी येणं आणि नैराश्य यांमुळेही विसरभोळेपणा दिसतो.

तीस गुणांची चाचणी होईल: तारीख, तीन शब्द, वजाबाकी, आकृती. २४ च्या खाली शंका घेतात, पण हा आकडा शिक्षणावर फार अवलंबून असतो. शाळा न शिकलेल्या धडधाकट बाईंना २१ मिळू शकतात आणि आजार सुरू झालेल्या निवृत्त प्राध्यापकांना २८. म्हणून तुमची वही जास्त कामाची. काय बिघडलं, पहिल्यांदा कधी, हळूहळू की अचानक, हे तारखेनिशी लिहा आणि डॉक्टरांना आईच्या माघारी सांगा. पुढे न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ. पुण्यातल्या ससून रुग्णालयाच्या ओपीडीतही दाखवता येतं.

बाबांना अल्झायमर आहे, निदानाला तीन वर्षं झाली. संध्याकाळ झाली की चपला घालतात, 'घरी जायचंय' म्हणतात. नारायण पेठेतला वाडा केव्हाच पाडला, हे सांगितलं की भडकतात. एकदा कर्वे रस्त्यावर सापडले. बाहेरून कुलूप लावावं का?
– एक वाचक, कोथरूड

ते घरात एकटे असताना तर मुळीच नाही. गॅस किंवा आगीच्या वेळी तेच कुलूप जीवावर बेतेल.

आधी ते असं का वागतात ते पाहू. नव्या गोष्टी साठवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, या आजारात अगदी सुरुवातीलाच झिजतो. कोथरूडचा फ्लॅट नंतरचा, त्याची नोंद पुसट झाली. वाडा जुना, तो शाबूत. वाडा पाडल्याचं तुम्ही रोज सांगता, त्यांच्यासाठी ती रोज पहिल्यांदाच आलेली वाईट बातमी असते, आणि ती साठत नसल्याने पटवून काही हाती लागत नाही. त्याऐवजी म्हणा, "हो बाबा, जाऊ. आधी चहा घेऊ. वाड्यात विहीर कुठे होती हो?" पाच मिनिटं गप्पा झाल्या की चपला बहुधा आपोआप निघतात.

संध्याकाळीच हे का होतं? दिवसभराचा थकवा असतो आणि उजेड कमी होऊन सावल्या वाढतात. चारला त्यांना फिरवून आणा, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, दिवेलागणीच्या आधीच सगळे दिवे लावा. तुम्ही घरात असताना दाराला नेहमीच्या जागेपेक्षा खूप वर दुसरी कडी लावा, उघडताच वाजणारी घंटी बसवा. बाथरूमची आतली कडी काढून टाका, रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद ठेवा. फोन नंबर शर्टाच्या खिशात नको, शर्ट बदलतो. हातातल्या कड्यावर कोरून घ्या. वॉचमन, कोपऱ्यावरचा वाणी, रिक्षा स्टँड या सगळ्यांना मोकळेपणाने सांगून ठेवा. यात लाज कसली?

बेपत्ता झालेच, तर आधी गच्ची, पार्किंग, जिना पाहा आणि पंधरा मिनिटांत ११२ ला फोन करा. चोवीस तास थांबायचं नसतं. अलीकडचा फोटो मोबाइलमध्ये तयार हवा. एकाला डेक्कनमार्गे नारायण पेठेकडे पाठवा. पाय बहुधा तिकडेच वळलेले असतात.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखा. दोन-तीन दिवसांत अचानक गोंधळ वाढला, गुंगी आली, नसलेली माणसं दिसू लागली, तर तो आजार पुढे सरकला असं समजून घरी बसू नका. डिमेन्शिया (अल्झायमरसारखा स्मृतिभ्रंश) महिन्यांच्या हिशेबाने सरकतो. एकाएकी झालेल्या बदलामागे लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, नवी गोळी किंवा रक्तदाबाच्या पाणी काढणाऱ्या गोळीने उतरलेलं सोडियम असतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आणि एक बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात, थेट हॉस्पिटल.

सासूबाईंना दोन महिन्यांपासून डोनेपेझिल (अल्झायमरवरची गोळी) सुरू आहे, फरक काहीच नाही. बंद करावी का? आणि बँकेचे व्यवहार कसे सांभाळायचे?
– एक वाचक, हडपसर

ही गोळी आजार बरा करत नाही, झीजही थांबवत नाही. उरलेल्या पेशींमधला संदेश थोडा ठळक करते. 'आहे तसंच आहे' हाही इथे फायदाच. साधारणतः पाच मिलिग्रॅमने सुरुवात करून चार ते सहा आठवड्यांनी दहा करतात. परिणाम सहा महिन्यांनी जोखावा. मळमळ, जुलाब होत असतील किंवा भयानक स्वप्नं पडत असतील, तर रात्रीची गोळी सकाळी देता येते का ते डॉक्टरांना विचारा. चक्कर येऊन पडल्या, तर नाडी आणि ईसीजी पाहायलाच हवा, कारण ही गोळी हृदयाचे ठोके मंदावते. मनाने बंद करू नका. एकदम तोडल्यावर काहीजण झपाट्याने खाली येतात.

बँकेचं काम मात्र याच महिन्यात करा. मुखत्यारपत्रावर विसंबू नका. देणाऱ्याची समज गेली की आपल्या कायद्यात ते निरर्थक ठरतं आणि पुढे पालक नेमून घ्यायला कोर्टाची पायरी चढावी लागते. सासूबाईंना कळतंय तोवर, त्यांच्याच इच्छेने, दोघांपैकी कोणीही चालवू शकेल असं संयुक्त खातं आणि नॉमिनेशन करून घ्या. मृत्युपत्र करायचं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांचा समज शाबूत असल्याचा दाखला जोडा. कुठे अडलात, तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते.