गांजा सोडल्यानंतरचे आठवडे आणि गुलाबाचा उंच वाफा (उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या)

तुम्ही लिहिलेलं वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. रोज रात्री ओढायची कित्येक वर्षांची सवय, आता सोडून चौथा दिवस, झोप नाही, घामाने अंथरूण ओलं, जेवण जात नाही, घरच्यांवर उगाच ओरडणं होतंय, आणि सगळे म्हणतात गांजाने असलं काही होत नसतं, मग मला वेड लागतंय का, असा तुमचा प्रश्न. आणि शेवटी, हात गुंतलेले राहावेत म्हणून गुलाबासाठी उंच वाफा बांधायचाय, जुन्या फळ्या पडून आहेत, तर खोली किती ठेवू आणि तळाला प्लास्टिक घालू का. दोन्हीतून गेलोय म्हणून दोन्हीवर लिहितो. मी डॉक्टर नाही, माळीही नाही, तेव्हा त्या हिशोबाने वाचा.

वेड लागत नाहीये. याला विड्रॉवल म्हणतात, म्हणजे रोजची नशा अचानक सोडल्यावर शरीराला आणि मनाला होणारा त्रास, आणि ते खरं असतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या त्यांच्या पुस्तकात, गांजाच्या विड्रॉवलला रीतसर निदान म्हणून जागा दिली. चिडचिड, घाबरल्यासारखं होणं, झोप न लागणं, भूक मरणं, एका जागी बसवत नाही असं वाटणं, मन खाली जाणं, वर घाम, थंडी, डोकेदुखी, पोटदुखी. तुम्ही लिहिलेलं जवळजवळ सगळं त्या यादीत आहे. साधारण एक-दोन दिवसांत सुरू होतं, पहिल्या आठवड्यात सगळ्यात जोरात असतं, दोन-तीन आठवड्यांत बरंचसं उतरतं. झोप मात्र सगळ्यात शेवटी ताळ्यावर येते, महिना किंवा त्याहून जास्तही लागू शकतो, आणि मधे स्वप्नं फार पडतात, इतकी स्पष्ट की उठल्यावर खरं काय ते कळायला वेळ लागतो. गांजामुळे स्वप्नांची झोप दबलेली असते, ती आता उसळून वर येते. घाबरू नका त्याला.

माल फेका, नंबर डिलीट करा, ते ग्रुप सोडा हे सगळं सांगत बसत नाही, ते तुम्ही केलंच असणार.

मला सांगायचंय ते वेगळंच आहे. मी पहिल्यांदा सोडला तेव्हा अगदी हेच सगळं घेऊन एका व्यसनमुक्ती केंद्रात गेलो होतो. नाव घेत नाही. टेबलामागच्या माणसाने फॉर्म पुढे ओढला, "दारू?" नाही. "गोळ्या, इंजेक्शन?" नाही. "मग काय घेता?" मी म्हटलं गांजा, रोज. त्यांनी पेनाला टोपण लावलं. फॉर्म अर्धा कोरा. म्हणाले, "त्याची सवय असते हो, व्यसन नसतं. मनावर घेतलंत की सुटेल." किती वर्षं ते विचारलं नाही, झोपेचं विचारलं नाही, तंबाखूत मिसळून ओढता का हेही नाही. डॉक्टरांची वेळ मागितली तर डॉक्टर सीरियस केसेस बघतात म्हणे. त्या फॉर्मवर गांजाला रकानासुद्धा नव्हता, याचा मला आजही राग येतो.

याने नुकसान काय झालं ते नीट बघा, कारण तुम्ही आत्ता त्याच वळणावर आहात. विड्रॉवल नावाची गोष्टच नाही असं जाणकार माणसाने सांगितलं, म्हणजे मग ही झोप न येणं, ही चिडचिड, हा माझाच मूळचा स्वभाव झाला ना? म्हणजे मी असाच आहे, आणि गांजा हे माझं औषध आहे. असा सरळ हिशोब डोक्यात बसला. त्याच आठवड्यात परत ओढायला लागलो आणि पुढचं वर्ष-दीड वर्ष सगळ्यांना सांगत होतो की मला झोपेसाठी लागतो. दोन आठवडे त्रास होईल, मग उतरेल, एवढं एक वाक्य कोणी बोललं असतं तरी निभलं असतं. नंतर दुसऱ्या ठिकाणी एका मानसोपचारतज्ज्ञांनी पहिल्या पाच मिनिटांत ते वाक्य सांगितलं आणि त्यानंतर सगळं सोपं झालं असं नाही, पण रात्री दोन वाजता जागं पडलेलं असताना हे कशामुळे होतंय ते माहीत असणं फार मोठी गोष्ट आहे.

त्यामुळे कुठेही गेलात आणि "गांजाचं व्यसन लागत नाही" असं ऐकलंत तर वाद घालू नका, उठा आणि दुसरीकडे जा. ओढणाऱ्या प्रत्येकाला लागत नाही हे खरं, पण रोज ओढणाऱ्या बऱ्याच जणांना लागतं. जाताना कागदावर लिहून न्या: किती वर्षं, दिवसाला किती, तंबाखू असतो का, झोप किती तास, आधी सोडायचा प्रयत्न कधी केला. तंबाखूचं तर आवर्जून सांगा. मिसळून ओढत असाल तर तुम्ही एकाच वेळी निकोटिनही सोडताय आणि त्याचा जोर पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतो, त्यावर पॅच वगैरे उपाय आहेत. गांजाच्या व्यसनावर खास अशी मान्यता मिळालेली गोळी नाही, त्यामुळे कोणी हमखास औषध विकत असेल तर लांब राहा. उपयोग होतो तो समुपदेशनाचा, सीबीटी म्हणतात त्याचा, म्हणजे तलफ कधी आणि कशाने येते ते पकडायचं आणि त्या वेळेला दुसरं काहीतरी लावायचं. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका आणि झोपेसाठी दारूकडे तर अजिबात वळू नका, मी लोक तसे अडकलेले बघितलेत. आणि आवाज ऐकू यायला लागले, कोणी मागावर आहे असं वाटायला लागलं, किंवा जगणं नको असं मनात आलं, तर हे उत्तर इथेच सोडा आणि आत्ता डॉक्टरांकडे जा.

"फक्त शनिवारी" हा करारही करू नका स्वतःशी. काही जणांना जमत असेल, माझं मत विचाराल तर रोजच्या माणसाला जमत नाही.

आता वाफा. कल्पना चांगली आहे, कारण संध्याकाळी नेमक्या ओढायच्या वेळेला हात मातीत राहतात. एक मात्र करा, सगळा वाफा एका सुट्टीत उरकू नका. एक दिवस जागा, एक दिवस फळ्या, मग माती, असं रोज थोडं संध्याकाळसाठी राखून ठेवा.

जागा अशी निवडा की दिवसाला निदान ६ तास ऊन मिळेल. रुंदी १२० सेंमीच्या वर नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी मधल्या झाडापर्यंत हात पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. खोली ४५ सेंमी धरा, खालची जमीन पहारीने एक फावडंभर मोकळी करून घेतलीत तर पुरते, खाली दगड किंवा फरशी असेल तर ६० हवी. तळाला प्लास्टिक बिलकुल नको! पाणी साचतं आणि गुलाबाची मुळं कुजतात. गवत मरायला पुठ्ठा अंथरा, चिकटपट्ट्या काढून, तो आपोआप कुजतो. त्याआधी निचरा बघा: ३० सेंमीचा खड्डा खणून पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा आणि बघत बसा. तासाला २-३ सेंमीसुद्धा पाणी उतरत नसेल तर वाफा अजून उंच करा नाहीतर जागा बदला.

लोकांना अंदाज चुकतो तो मातीचा. २.४ मीटर लांब, १.२ मीटर रुंद, ४५ सेंमी खोल म्हणजे जवळपास १.३ घनमीटर, आणि ती पहिल्या हंगामात खाली बसते म्हणून वर थोडी जास्तच लागते. मी निम्मी चांगली माती, तिसरा हिस्सा पूर्ण कुजलेलं कंपोस्ट किंवा शेणखत आणि उरलेली जाड वाळू असं घेतो. ताजं शेण घालू नका, मुळं करपतात. मिश्रण मुठीत दाबून बघा, गोळा झाला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर फुटला पाहिजे. फुटला नाही तर अजून कंपोस्ट. मातीचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ६ ते ६.५ च्या आसपास गुलाबाला मानवतो. आणि ओल्या मातीचं वजन फळ्यांना बाहेर ढकलतं, म्हणून कोपऱ्यांत खुंट आणि लांब बाजूला मधे एक आधार हवाच, नाहीतर वाफ्याचं पोट सुटतं.

भरल्यावर पाणी देऊन दोन-तीन आठवडे माती बसू द्या, मगच कलमं लावा, दोन झाडांत ६० ते ७५ सेंमी. पाणी सकाळी आणि बुडाशी, पानांवर नको, पानं ओली राहिली की काळे ठिपके येतात. आच्छादन ५-७ सेंमी, खोडापासून जरा लांब. हातमोजे जाड घ्या, काट्यातून बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि झोप झालेली नसताना करवत, ड्रिल हातात घेऊच नका.

फळ्या कुठल्या आहेत ते लिहिलं नाहीत तुम्ही. जुन्या रेल्वेच्या स्लीपर असतील तर वापरू नका, त्यांना क्रिओसोट नावाचं विषारी डांबरी तेल लावलेलं असतं. जुनी, हिरवट रंगाची, औषध मारलेली लाकडं असतील तर त्यात आर्सेनिक असू शकतं, तीही नको आणि जाळूही नका. आणि त्याच जागी आधी गुलाब होते का? असतील तर ती माती उचलून दुसरीकडे टाका, नवीन गुलाब तिथे वर्षानुवर्षं खुरटतात. दोन्ही कळवा, आणि आज रात्री झोप किती लागली तेही.