ओकब्लू फुलपाखरू शोधायचंय? आधी मुंग्या बघा

येऊरला (ठाण्याला लागून, संजय गांधी नॅशनल पार्कातलं जंगल) जाऊन वर बघत फिरू नकोस, ही पहिली चूक सगळेच करतात. लार्ज ओकब्लू पंख मिटून सावलीत बसलं की नुसतं वाळकं पान, वरचा चमकदार निळा उडताना किंवा पंख उघडल्यावरच दिसणार. त्यापेक्षा ऐन, अर्जुन किंवा ताम्हणाचं झाड गाठ, कोवळ्या पालवीवर ओंबील (त्या पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्या) गर्दी करून एकाच जागी घुटमळताना दिसल्या की थांब आणि नीट बघ, मधे ओकब्लूची चपटी गोगलगायीसारखी अळी असू शकते. तिच्या पाठीवरून गोड रस येतो, मुंग्या तो पितात आणि बदल्यात परजीवी गांधीलमाश्या वगैरेंना जवळ फिरकू देत नाहीत. मात्र गर्दी दिसली म्हणजे अळी असेलच असं नाही, बऱ्याचदा मावा किंवा पिठ्या ढेकूण असली कीड निघते.

सुरुवातीला एवढं सांभाळ:
- शिवलेली पानं उघडून बघायची नाहीत. चावतात, आणि जाम चावतात. फुल शर्ट घाल.
- अळी डब्यात घालून घरी आणू नकोस, तिचे पहारेकरी मागेच राहतात, शिवाय नॅशनल पार्कातून काहीही उचलणं बेकायदेशीर.
- फोटोसाठी फांदी वाकवू नकोस, मोबाईल झूम पुरे.

पावसाळा सरताना जा. जंगल नको वाटत असेल तर घोडबंदर रोडची ओवळेकर वाडी (फुलपाखरांची बाग) बघ, तिथे निदान डोळा तयार होतो. कुठली अळी कुठल्या मुंगीबरोबर, ते नंतर बघू.